पोटावरचा बिल्ला

नेल्सी काउइच सात वर्षांची होती तेव्हा आमच्या सान रोमान वस्तीच्या देवळात नाताळच्या नाटकात तिला मेंढीचं काम दिलं होतं. अंगाला कापूस चिकटवून झाला, कान बसवून झाले, आणि ऐन वेळी पोरगी म्हणाली, मी रांगणार नाही. पाद्रीबाबा वाकून लाडानं म्हणाले, "मेंढ्या रांगतातच गं, बाळ." तर ही म्हणते, "अंगणातली फरशी तापलीय. आधी तुम्ही रांगून दाखवा." त्या वर्षी येशूच्या गोठ्यात एक मेंढी शेवटपर्यंत दोन पायांवर उभी होती. तिचे कान मीच शिवले होते, म्हणून मला ते पक्कं आठवतं.

काउइचांच्या घरात आणि आमच्या घरात एका गल्लीचं अंतर. तिची आई फिलो, आमच्याकडे मानानं म्हणतात तशी डोन्या फिलो, भरतकाम करते. तिच्या हातची फुलं लग्नातल्या झग्यांवर दिसतात, आणि तिच्या तोंडचे शब्द भिंतीपलीकडे ऐकू येतात. लेक एक्स-रे काढायचं शिक्षण घेणार म्हणाली तेव्हा डोन्या फिलोला वाटलं, फोटो काढण्यासारखंच काहीतरी असेल, सावलीत उभं राहून करायचं. पुढे कुणीतरी तिला सांगितलं की त्या खोलीत किरणं असतात. तेव्हापासून घरात रोज धुमसत होतं.

आमच्याकडे शिक्षण संपलं तरी पदवी हातात पडत नाही. आधी एक वर्ष सरकारी इस्पितळात समाजसेवा म्हणून राबायचं. त्यात खंड पडला की वर्ष बाद, जागा दुसऱ्याला, आणि आपण पुन्हा रांगेच्या शेपटाला. नेल्सीचे सहा महिने झाले होते, सहा उरले होते, आणि तिला दिवस गेले. नवरा लाझारो समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला, चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी. तो फोनवर म्हणाला, "तू म्हणशील ते." लाझारोचं हे बरं आहे. तो नेहमी असंच म्हणतो आणि नेहमी तसंच होतं.

तिच्या आधीच्या मुली अशा वेळी काय करत, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ढगळ गणवेश घ्यायचा, पोट आत ओढायचं, कुणाला सांगायचं नाही. कारण सांगितलं की दुसऱ्या दिवशी एक्स-रे विभागातून उचलबांगडी. नेल्सीनं नवव्या आठवड्यात एका कोऱ्या कागदावर लिहिलं, "मी गरोदर आहे, हे विभागाला कळवते," खाली सही ठोकली, आणि कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवला. त्यावर पोचही मागितली.

विभागप्रमुख म्हणजे रुतिलिओ मास्तर. तीस वर्षं त्याच खोल्यांत काढलेला माणूस. वाईट नाही. मुलांना रडवत नाही, म्हाताऱ्यांना हाताला धरून टेबलावर चढवतो. पण त्याच्या विभागात कागद वाढलेला त्याला खपत नाही.

"पोरी, हे काय?"

"कळवलंय, मास्तर."

"अगं, कानात सांगायचं! मी तुला गुपचूप दप्तरात बसवलं असतं. जुन्या एक्स-रेची पाकिटं लावायची. पंखा आहे, खुर्ची आहे, खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं."

"पाकिटं लावल्याचे तास माझ्या वर्षात धरणार का?"

"ते आपण बघू."

"बघू म्हणजे नाही."

"बरं, मग दोन एप्रन घाल. एकावर एक."

शिशाचा एक एप्रन घालून तासभर उभं राहिलं तरी खांदे भरून येतात. नेल्सी म्हणाली, "दोन घालते, पण पाठ तुमची द्या. मास्तर, मी पडद्यामागं उभी राहीन. बटण दाबताना खोलीत थांबणार नाही. पेशंटला धरून ठेवणार नाही, मग तो कुणाचा का असेना. आणि मला दुसरा बिल्ला हवाय. पोटावरचा."

इथे बिल्ल्याचं सांगायला हवं. बिल्ला म्हणजे आगपेटीएवढी प्लास्टिकची डबी, मागं चिमटा. आत एक चकती असते. अंगावर किती किरणं पडली ते ती महिनाभर धरून ठेवते आणि महिन्याअखेर मेरिदा शहरातल्या प्रयोगशाळेत ते वाचतात. प्रत्येकानं एक बिल्ला गळ्यापाशी लावायचा. बाई गरोदर असेल तर दुसरा कमरेवर, एप्रनच्या आत, म्हणजे बाळापर्यंत काय पोचतंय ते कळतं. बाळासाठी मर्यादा ठरलेली आहे. कळवल्यापासून बाळंत होईपर्यंत मिळून एक मिलिसिव्हर्ट. ती पाळली जात असेल तर बाईला कामावरून हलवायचं काही कारण नाही. हे सगळं नियमपुस्तकात बारीक टाइपात होतं. नेल्सीनं ते पान आईसमोर माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं होतं, कारण तिनं स्वतः वाचलं असतं तर आईनं ऐकलं नसतं.

मास्तरांनी कपाट उघडलं. आत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात विभागातल्या अकराही जणांचे बिल्ले शहाण्या मुलांसारखे ओळीनं निजलेले.

नेल्सी सहा महिने त्या विभागात होती. पहिल्या दिवशी तिच्या बिल्ल्यावर नाव लिहून घेतलं होतं आणि 'हरवशील' म्हणून मास्तरांनी तो ठेवून घेतला होता. तिला वाटलं होतं, शिकाऊ पोरींचेच ठेवतात.

"मास्तर, सगळ्यांचे इथे?"

"एक हरवला की तीन प्रतींत खुलासा लिहावा लागतो. मागं एकाचा धोब्याकडे गेला, एकाचा कुत्र्यानं चावला. तेव्हापासून डब्यात. दहा वर्षांत एक हरवला नाही." मग भिंतीकडे बोट. तिथे प्रयोगशाळेचे अहवाल चौकटीत लावलेले. सगळ्यांच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य. "बघ. आपली मशीनं अशी आहेत. तुला उगाच भीती."

"कपाटाला शून्यच येणार, मास्तर. कपाटाला कुठे एक्स-रे काढायचे असतात?"

तिनं डब्यातून आपला बिल्ला उचलला, गळ्यापाशी लावला आणि बाहेर आली. पोटावरच्या बिल्ल्यासाठी तिनं थेट मेरिदाच्या इंजिनिअरना पत्र घातलं. किरणांच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि दर तीन महिन्यांनी ते तपासणीला येत. आठ दिवसांत बिल्ला आला. मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

त्याच महिन्यात ग्रहण होतं. ग्रहणात चंद्र पोटातल्या बाळाचा ओठ खातो, हे आमच्याकडे डॉक्टरांच्या बायकासुद्धा मानतात, फक्त बोलत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे आतून लाल कपडा आणि पोटावर लोखंडाची पिन. डोन्या फिलोनं त्या आठवड्यात भरतकाम बाजूला ठेवून लाल फितीला पिना लावण्याचा कारखाना काढला. गावातल्या निम्म्या गरोदर बायका तिच्या दारात. पण घरची लेक म्हणाली, "मी नाही लावणार."

"एक पिन गं! तुझ्या त्या डबीला चिमटा आहे तो चालतो, आणि आईची पिन टोचते?"

"डबी मोजते, आई. तुझी पिन काय मोजते?"

"माझी पिन वाचवते! मोजून काय दिवे लावायचेत?"

मी मध्ये पडले नाही. मध्ये पडायचं तर दोघींचं पटायला हवं, आणि मला दोघींचंही थोडं थोडं पटत होतं.

पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी मी पोळ्यांसाठी मक्याचं पीठ मळत होते, तेव्हा नेल्सी मागच्या दारानं आली. घरी गेली नव्हती. गणवेशातच होती. तिनं पिठाशेजारी कागद ठेवला. "मावशी, वाचा."

तिच्या नावापुढे दोन आकडे. गळ्यापाशी, शून्य पूर्णांक एक. पोटापाशी, दोन पूर्णांक एक. म्हणजे बाळंत होईपर्यंतची मर्यादा एक, आणि हिच्या बाळाला एका महिन्यात दोन.

माझे हात पिठातच राहिले. "नेल्सी, बाळ…"

"बाळाला धोका म्हणतात तो शंभराच्या आसपास सुरू होतो, मावशी. दोनला काही होत नाही. मर्यादा एक ठेवलीय ती कुणी शंभराकडे चालायलाच लागू नये म्हणून." हे ती फळ्यावर लिहिलेलं वाचल्यासारखं बोलली. मग ती खुर्चीवर बसली. "पण मास्तर सकाळपासून हसतायत. म्हणाले, हौस भागली? शुक्रवारी इंजिनिअर येतायत. माझ्या नावाचा कागद टाइप करून ठेवलाय, 'स्वखुशीनं समाजसेवा स्थगित करते' म्हणून. सही तेवढी राहिलीय."

तेवढ्यात डोन्या फिलो आली. हिच्या चपला माझ्या दारात दिसल्या म्हणून आली असणार. कागदाकडे पाहून तिला काही कळलं नाही, आमच्या तोंडांकडे पाहून सगळं कळलं. ती ओरडली नाही. तेच वाईट होतं. हळूच म्हणाली, "उद्यापासून जायचं नाही. पदवी गेली खड्ड्यात. मी भरतकामावर तुला वाढवलं, नातवालाही वाढवीन."

नेल्सीनं कागद पुन्हा वाचला. मग एकदम उठली. "आई, पावसात रेनकोट घालून गेलीस, आणि आतला परकर चिंब झाला, पण डोक्यावरची टोपी कोरडी. असं होतं का कधी?"

"काय बडबडतेस?"

"गळ्याचा बिल्ला एप्रनच्या बाहेर असतो, पोटाचा आत. मला किरणं लागली असती तर बाहेरच्याला जास्त दिसायला हवीत. हे उलटं आहे. हा पाऊस माझ्यावर पडलाच नाही." तिनं कागदावर बोट आपटलं. "माझा बिल्ला माझ्याविना कुठेतरी जाऊन आलाय."

तिनं पिशवीतून बिल्ल्याची डबी काढली. चकती दर महिन्याला बदलतात, डबी तीच राहते. माझा चष्मा मागून घेतला आणि भिंगासारखा धरून ती चिमटा न्याहाळू लागली. चिमट्याच्या दातांत एक धागा अडकला होता. लाल, बारीक, पीळ घातलेला.

"हा माझा दोरा आहे," डोन्या फिलो म्हणाली. आपला दोरा ती अंधारातही ओळखेल. "पण तू तर माझी फीत लावली नाहीस."

नेल्सीची पाळी सकाळची. दुपारी दोनला एप्रन आणि पोटावरचा बिल्ला कपडे बदलायच्या सामाईक कोपऱ्यात खुंटीला लावून ती घरी येई; त्या दिवशीच तेवढा तो पिशवीत आला होता. दुसऱ्या दिवशी बिल्ला खुंटीला लावून ती दोनला निघाली, सव्वादोनला परत गेली, आणि त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिली. एल्मी आली.

एल्मी शस्त्रक्रियेच्या खोलीतली परिचारिका, दुपारच्या पाळीची. सहा महिन्यांच्या कंत्राटावर, दर सहा महिन्यांनी नवी सही. तिनं आल्या आल्या खुंटीवरचा बिल्ला काढला, गणवेशाचा सदरा वर केला आणि लाल फितीला लावला. मागं वळली तर बाकावर नेल्सी. पुढचं बोलणं नेल्सीनं मला जसंच्या तसं सांगितलं.

"रोज परत ठेवते गं," एल्मी म्हणाली. "तू घरी गेल्यावर त्याचं इथे काय काम? रिकामाच टांगलेला असतो."

"कितवा महिना?"

"चौथा लागला. कुणाला सांगू नकोस. पुढच्या महिन्यात कंत्राटाची सही आहे. मागच्या वर्षी मारित्सानं सांगितलं होतं, तिला सहीला बोलावलंच नाही."

"आणि बिल्ला कशाला?"

एल्मीला प्रश्नच कळला नाही. "कशाला म्हणजे? चंद्रासाठी पिन, मशीनसाठी बिल्ला. तू भांडून मागून घेतलास, तेव्हाच मी म्हटलं, हिला काहीतरी माहीत असणार."

नेल्सीनं तिला शेजारी बसवलं. "एल्मी, हा वाचवत नाही. हा फक्त मोजतो. थर्मामीटर काखेत धरला म्हणून ताप उतरतो का?"

एल्मीनं फितीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग मी महिनाभर तिथे उघडीच उभी होते?"

शस्त्रक्रियेच्या खोलीत कमानीसारखं एक मशीन असतं. हाड बसवताना डॉक्टर त्यातून पुन्हा पुन्हा आत बघतात, आणि दर वेळी किरणं सुटतात. खोलीत माणसं सात, एप्रन तीन. एक हाडाच्या डॉक्टरांना, एक भूल देणाऱ्यांना, एक शिकाऊ डॉक्टरला. परिचारिकेनं हत्यारं द्यायची, म्हणजे टेबलाला चिकटून उभं राहायचं. आणि तिला बिल्लाही नाही, कारण तिची हजेरी एक्स-रे विभागात लागत नाही.

"आकडा दोन आलाय," नेल्सी म्हणाली. "त्यानं बाळाला काही होत नाही, हे मी तुला शपथेवर सांगते. पण उद्यापासून एप्रनशिवाय त्या मशीनपाशी उभी राहू नकोस. एप्रन नसेल तर बटण दाबायच्या आधी चार पावलं मागं सर."

"डॉक्टर ओरडतील."

"ओरडू देत. ओरडणं एप्रनशिवायही सोसतं."

एल्मीनं तिचा हात धरला. "शुक्रवारी तू माझं नाव सांगणार?"

यावर नेल्सी काय म्हणाली ते तिनं मला सांगितलं नाही. शुक्रवारी मी माझ्या कानांनी ऐकलं.

शुक्रवारी मी तिचा डबा घेऊन गेले. पान दे कासोन केलं होतं, मक्याच्या पोळ्यांच्या थरांत मासा आणि काळ्या घेवड्याचं वाटण घालून. ते पोचवायचं निमित्त, खरं तर मला घरी बसवत नव्हतं. मास्तरांच्या खोलीबाहेर बाक होता. पंख्याचा वारा आत यावा म्हणून दार अर्धं उघडं. बाकावर आधीच एक बाई बसली होती, परिचारिकेच्या गणवेशात, हातात रुमालाची सुरळी पिळत. तिनं मला ओळखलं नाही. मी तिला ओळखलं.

आत मास्तर सांगत होते, "इंजिनिअर, मी पहिल्या दिवसापासून हिच्या भल्याचं सांगत होतो. दप्तरात बस म्हटलं. ऐकेल तर शपथ."

इंजिनिअरांचा आवाज थकलेला, सभ्य. "आकडा मोठा नाही, नेल्सी, काळजीचं कारण नाही. पण मर्यादा ओलांडली आहे. नियमानं मला तुम्हाला किरणांच्या कामातून काढावंच लागेल."

"आकडा माझा नाही."

"बिल्ला तुमच्या नावावर आहे."

"बिल्ला माझा, आकडा माझा नाही. एप्रनच्या आत दोन आणि बाहेर शून्य पूर्णांक एक, हे तुम्हाला सकाळी गाडीत वाचतानाच खटकलं असणार."

"खटकलं," इंजिनिअर म्हणाले. "बिल्ला खोलीत विसरला होता का?"

"नाही. दुसऱ्या कुणीतरी लावला होता."

"कुणी?"

माझ्या शेजारची रुमालाची सुरळी थांबली.

"नाव सांगणार नाही," नेल्सी म्हणाली.

मास्तर म्हणाले, "बघा! म्हणजे तिचाच. पोरी, हट्ट सोड. कागदावर सही कर, घरी जा, पाय वर करून बस. पुढच्या वर्षी तुझी जागा मी धरून ठेवीन, माझा शब्द."

इंजिनिअर म्हणाले, "तुम्ही नाव सांगितलंत तर तुमचं वर्ष वाचतं. नाही सांगितलंत तर मला दुसरा मार्ग नाही. असं का करताय?"

"नाव सांगितलं की तिचं काम जाईल. तुमचा अहवाल नीट होईल, माझं वर्ष नीट होईल, आणि त्या खोलीत तिच्या जागी दुसरी उभी राहील. एप्रन तीनच. इंजिनिअर, तुम्ही नाव विचारू नका, जागा विचारा. शस्त्रक्रियेच्या खोलीत जाऊन एप्रन मोजा. मग माणसं मोजा."

"ती खोली या विभागात येत नाही," मास्तर म्हणाले.

"किरणांना विभाग कळत नाहीत, मास्तर."

कागद सरकवल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, आधीपेक्षा खालचा, पण दारात बसून एकेक शब्द ऐकू येईल असा. "दहा वर्षं तुम्ही शून्यावर सह्या केल्यात, इंजिनिअर. अकरा माणसं, एकशेवीस महिने, सगळं शून्य. एकदाही विचारलं नाहीत की एवढं शून्य येतं कसं. मास्तर, कपाट उघडून दाखवा. शून्यावर तुमचा एवढा विश्वास, आणि पहिल्यांदा एक खरा आकडा आला तर शिक्षा मला? मी सही करणार नाही. काढायचं तर तुमच्या सहीनं काढा. कारण लिहा, आणि त्यात कपाटातला डबाही लिहा."

कपाट उघडल्याचं मला ऐकू आलं. पत्र्याच्या डब्याचं झाकणही. 

माझ्या शेजारची बाई उठली. मला वाटलं, आता जाईल. तिनं रुमाल खिशात कोंबला, दारावर टकटक केली आणि वाट न पाहता दार पूर्ण उघडलं.

"इंजिनिअर, मला एक बिल्ला हवाय," एल्मी म्हणाली. "पोटावरचा. दुपारच्या पाळीसाठी. अर्ज कुणाकडे करायचा ते मला माहीत नाही."

मास्तरांचं तोंड मला त्या उघड्या दारातून दिसलं. ते एल्मीकडे पाहत होते, मग तिच्या पोटाकडे, मग डब्याकडे. इंजिनिअरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अर्ज माझ्याकडे," ते म्हणाले. "बसा. तारीख आजची घाला."

बाहेर आल्यावर नेल्सीनं डबा उघडला आणि उभ्या उभ्या खायला लागली. एल्मीला अर्ज लिहायला वेळ लागला. ती आली तेव्हा अर्धं उरलं होतं, ते नेल्सीनं न विचारता तिच्या हातात दिलं.

"तू नाव घेतलं असतंस तरी मी काही म्हटलं नसतं," एल्मी म्हणाली.

"म्हटलं असतंस," नेल्सी म्हणाली. "खा."

इंजिनिअरांनी त्या आकड्यापुढे लिहिलं, हा या विद्यार्थिनीचा नाही. नेल्सी पडद्यामागं, तिच्या जागी राहिली. डब्यातले बिल्ले त्याच दिवशी उरलेल्या दहा गळ्यांत गेले, आणि दीड महिन्यानं पहिला खरा अहवाल आला. एकाच्याही नावापुढे शून्य नव्हतं. सगळ्यांत मोठा आकडा रुतिलिओ मास्तरांचा. रडणाऱ्या पोरांना तीस वर्षं तेच धरून ठेवत आले होते, बहुतेक वेळा एप्रनशिवाय, कारण एप्रन पाहिला की पोरं जास्त रडतात. त्यांनी तो कागद चौकटीत लावला नाही. घडी करून खिशात ठेवला आणि त्या दिवशी कुणावर ओरडले नाहीत.

शस्त्रक्रियेच्या खोलीसाठी चार एप्रन यायला तीन महिने लागले. तोवर दुपारच्या पाळीच्या परिचारिका बटण दाबायच्या आधी चार पावलं मागं सरत. चौघीही एकदम. डॉक्टर ओरडले. मग त्यांना सवय झाली. एल्मीच्या कंत्राटावर सही झाली, पण सहाऐवजी तीन महिन्यांची. ती म्हणते, तीन तर तीन, पुढच्या वेळी पुन्हा भांडू.

डोन्या फिलोला विचारलंत तर ती सांगेल की बाळ वाचलं ते लाल फितीमुळेच. लेकीनं लावली नव्हती, म्हणून तिनं ती लेकीच्या उशीच्या अभ्र्यात शिवली होती. नेल्सीला ते ठाऊक आहे. तिनं उसवली नाही.

तिच्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात मी गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेले होते. माझा नंबर यायचा होता. आत एक चार वर्षांचं पोर, हात मोडलेलं, टेबलावर मासोळीसारखं उसळत होतं. शेजारी त्याचा बाप, दंड एवढे जाड की सदऱ्याच्या बाह्या ताणलेल्या. नेल्सी दारात उभी, पोट तिच्या दोन पावलं पुढं.

"तुम्ही जरा धरा ना त्याला," बाप म्हणाला. "तुम्हाला सवय असेल."

"मला सवय नाही, आणि होऊही देणार नाही," नेल्सी म्हणाली. तिनं खुंटीवरचा एप्रन काढून त्याच्या हातात दिला. "हा घाला. तिकडून बांधा. एक हात खांद्यावर, एक कोपराखाली, बोटं प्रकाशाच्या चौकोनाबाहेर. पोर तुमचं आहे, तुम्ही धरायचं."

"पण हे काम तुमचं ना?"

"माझं काम फोटो नीट काढायचं. एकदाच काढीन आणि पहिल्या वेळेलाच नीट येईल, जर तुम्ही बोलणं थांबवून धरलंत तर."

बापानं एप्रन घातला. त्याच्या अंगावर तो पोराच्या लाळेऱ्यासारखा दिसत होता. पोर बापाचं ते रूप पाहून रडायचं विसरलं.

"हं," पडद्यामागून आवाज आला. "आता हलू नका. दोघंही."